सूज आणि बाळसे

पुतण्याच्या लग्नाला महिना उरला असताना सांगलीला गेलो आणि वहिनीच्या आग्रहाखातर पँट शिवायला टाकण्यासाठी आमच्या जुन्या शिंप्याकडे जाणे झाले. गेली कित्येक वर्षे तयार कपडे घेण्याची सवय लागल्यामुळे कुणी आपल्या अंगाभोवती टेप फिरवण्याची गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. दुकानात नव्या कापडाच्या खळीचा आणि गरम इस्त्रीखाली वाफाळणाऱ्या ओलसर सुताचा तोच वास होता, खडूचे तेच निळे-पांढरे तुकडे होते. बाबांचे कपडे मास्तरांचे वडील शिवत. आता मास्तरांचेच केस पांढरे झाले आहेत. गळ्यातली टेप काढून त्यांनी मापे घ्यायला सुरुवात केली. लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम. एकेक आकडा स्वतःशी पुटपुटत ते लांबट वहीत टिपत होते. मांडीच्या आकड्याशी ते थबकले, पुन्हा एकदा टेप लावली, आणि मग फळीवरच्या गठ्ठ्यातून एक जुनी वही काढून पाने उलटू लागले. माझ्या लग्नातल्या पँटचे माप तिथे होते, 2003 सालचे, आणि पानाला टाचणीने लावलेला कापडाचा तुकडाही अजून जागेवर होता. त्या वेळी कंबर 30 होती, आता 35. मांडी मात्र एका इंचाने कमी झाली होती.

“वजन काही फार वाढलेलं नाही हो,” मी न विचारताच खुलासा केला. “बासष्टचं सहासष्ट, एवढंच.”

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “वाढलेलं नाहीच, साहेब. सरकलंय.”

पुण्याला परतताना एसटीत हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर आरशासमोर उभा राहून मी स्वतःच टेप लावली. शिंप्याच्या कमरेत आणि डॉक्टरांच्या कमरेत फरक असतो, हे मला तेव्हा नीट कळले. शिंपी जिथे पँट टेकते तिथे माप घेतो, आणि वय वाढते तशी पुरुषाची पँट ढेरीला वळसा घालून निमूटपणे खाली उतरते. म्हणून वर्षानुवर्षे ‘आपली कंबर चौतीसच’ असे सांगणारे पुरुष खोटे बोलत नसतात, ते फक्त दुसऱ्याच जागेचे माप सांगत असतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून टेप लावली, तेव्हा 95 सेंटिमीटर भरले. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ 90 वर आखलेली आहे आणि स्त्रियांसाठी 80 वर. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो माझा 23 च्या आत, म्हणजे आशियाई लोकांसाठीच्या कडक मोजपट्टीनेही अगदी ठाकठीक. एकाच शरीराची दोन प्रमाणपत्रे माझ्या हातात होती आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

खरे तर मला बाबा आठवत होते. बाबा आयुष्यभर सडपातळ होते. मनगटावर घड्याळ सैल फिरायचे, शर्टाची कॉलर गळ्यापासून दोन बोटे दूर राहायची. 47 व्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांचे वजन 58 किलो होते, आणि रिपोर्ट वाचून आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले होते ते ‘हा तुमचाच ना?’ असे. लोकांच्या मनात मधुमेहाचे एक चित्र ठरलेले असते, गुबगुबीत बोटांचे आणि पेढ्यांच्या खोक्याचे. त्या चित्रात न बसणाऱ्या माणसाला दुप्पट छळ सोसावा लागतो, कारण आजार तर असतोच आणि वर तो कुठून आला याचा खुलासा करावा लागतो. कुणी म्हणे चोरून गोड खात असतील, कुणी म्हणे फार काळजी करतात. आई त्यांच्या गरम भातावर तुपाची धार धरताना दरवेळी तेच एक वाक्य म्हणायची, “ह्यांना खाल्लेलं अंगीच लागत नाही.” तिच्या आवाजात तक्रार असायची, थोडी शरमही असायची, कारण नवरा अंगाने भरला नाही तर बोल स्वयंपाकघराला लागतो.

अंगी लागत होते. फक्त दिसेल अशा जागी लागत नव्हते.

सूज आणि बाळसे यांत फरक करावा, असे आपल्याकडे जुनी माणसे बजावतात. एखाद्याची भरभराट वरवरची असली की ‘ही सूज आहे, बाळसे नव्हे’ असे आपण म्हणतो. गेली पंचवीस-तीस वर्षे चरबीवर जे संशोधन झाले आहे, ते वाचताना या म्हणण्याची मला गंमत वाटते आणि थोडी भीतीही वाटते. म्हणीत सूज आणि बाळसे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि शहाण्या माणसाला त्या वेगळ्या ओळखता येतात असे गृहीत धरलेले आहे. शरीरात मात्र बाळसेच काही मर्यादेनंतर सुजू लागते, आणि वरून हात फिरवून ते कुणाला कळत नाही.

हे पहिल्यांदा मला दिसले ते लग्नघरात. नवऱ्या मुलाची बहीण, म्हणजे माझी पुतणी, पॅथॉलॉजीचे पुढचे शिक्षण घेते आहे. केळवणाच्या दुपारी, पुरणपोळीनंतर सगळे सतरंजीवर आडवे झालेले असताना मी तिला मास्तरांचा शब्द सांगितला. ती हसली आणि मोबाइलवर तिने मला चरबीच्या काचपट्टीचा फोटो दाखवला. मला वाटले होते काहीतरी पिवळट, गचगचीत दिसेल. प्रत्यक्षात ती एक नाजूक जाळी होती, पांढऱ्या रिकाम्या घरांची, भोवती गुलाबी बारीक रेघा. “काका, ही घरं रिकामी नाहीत,” ती म्हणाली. “पट्टी तयार करताना जी रसायनं वापरतात, त्यात तेल विरघळून निघून जातं. आपल्याला दिसतात त्या नुसत्या भिंती.” प्रत्येक घर म्हणजे एक पेशी, आत तेलाचा एकच मोठा थेंब आणि त्याने कोपऱ्यात ढकलून दिलेले, नखाच्या कडेसारखे चपटे झालेले केंद्रक. वैद्यकशास्त्राने चरबीकडे इतकी वर्षे अडगळीची खोली म्हणून का पाहिले, हे त्या फोटोवरून समजते. आत माणूस राहतो आहे असे वाटतच नाही. मग तिने दुसरा फोटो काढला, लठ्ठ माणसाच्या पोटातल्या चरबीचा. जाळी तीच होती, पण घरे फुगलेली, वेडीवाकडी, आणि मधल्याच एखाद्या घराभोवती जांभळ्या ठिपक्यांची दाटी, जणू मृताच्या दारात माणसे गोळा झाली आहेत. ते ठिपके म्हणजे भक्षक पेशी, आपल्या रोगप्रतिकारक फौजेतले सफाईचे आणि लढाईचे काम करणारे सैनिक. मधले घर मेलेले होते.

आमच्या लहानपणी सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवे बघायला आजोबा आम्हांला घेऊन जात. जमिनीत खोल खणलेले पोट आणि वर माणूस कसाबसा उतरेल एवढे तोंड. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचे नसते, हा पहिला धडा. बंद पेवात हवा कोंदलेली असते आणि त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. चरबीची पेशी हे असेच एक पेव आहे, एवढेच की त्याची भिंत ताणली जाते. माणूस वयात येईपर्यंत या पेवांची संख्या साधारण ठरून जाते. पुढे दरवर्षी त्यांतली सुमारे 10 टक्के मरतात आणि तेवढीच नवी तयार होतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2008 साली दाखवले, तेही शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचे अंश पेशींमध्ये मोजून. (त्या स्फोटांचा हिशेब आपल्या ढेरीत सापडावा, याला काय म्हणावे?) वजन वाढते तेव्हा पेवे मुख्यतः फुगतात, उतरते तेव्हा आकसतात, संख्या फारशी हलत नाही. फुगलेल्या पेशीच्या आत रक्तवाहिनीतला प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. ती घुसमटते, मदतीसाठी रासायनिक हाका मारू लागते, आणि शेवटी पेव फुटते. सांडलेले तेल गोळा करायला भक्षक पेशी धावतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. सडपातळ माणसाच्या चरबीतल्या एकूण पेशींत त्यांचे प्रमाण शेकडा 10 च्या आत असते. अतिलठ्ठ माणसात ते 40 च्या जवळ जाऊ शकते. हे 2003 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी छापले. एवढ्या मोठ्या अवयवाच्या इतक्या पेशी लढाऊ असतील, तर त्याला गोदाम म्हणायचे की छावणी?

त्याच्या दहा वर्षे आधी, 1993 मध्ये, बोस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाला लठ्ठ उंदरांच्या चरबीत एक अनपेक्षित रसायन सापडले होते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे त्याचे नाव, आणि तोवर ते जंतुसंसर्गात आणि कर्करोगात माणसाला खंगवणारे द्रव्य म्हणून ओळखले जात होते. ते चरबीत काय करते आहे? त्यांनी ते उंदरांत अडवून पाहिले तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव सुधारला. इन्सुलिन पेशीच्या दारावर कडी वाजवते आणि आतून दार उघडून साखर आत घेतली जाते, असे ढोबळपणे म्हणता येईल. चरबीतले हे द्रव्य कडी तोडत नाही, ते आतल्या माणसाला बहिरे करते. इन्सुलिन बनवणारे स्वादुपिंड बिचारे आणखी जोरात कडी वाजवत राहते, वर्षानुवर्षे, आणि एक दिवस त्याचाच हात दुखावतो. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन या चरबीतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचे जनुक सापडले आणि चरबी मेंदूला भुकेचा निरोप पाठवते हे उघड झाले. चरबी ही बोलणारी वस्तू निघाली.

चरबीतल्या या सततच्या लढाईला मराठीत डॉक्टर दाह म्हणतात, पण दाह म्हटले की आपल्याला लालबुंद, ठणकणारे गळू आठवते. हा दाह तसा नाही. तो फुफाट्यासारखा आहे; वर करडी राख, हात लावेपर्यंत कळत नाही, आणि चूल विझली म्हणून आपण निर्धास्त असतो. रक्तातले सीआरपी नावाचे प्रथिन थोडेसे, अगदी थोडेसे वाढलेले असते, कारण चरबीतून निघालेले इंटरल्यूकिन-6 हे दाहाचा निरोप नेणारे द्रव्य यकृताला ते तयार करायला लावते. ताप येत नाही, काही दुखत नाही. बाबांना कधी काही दुखले नाही. ते रात्री जेवणानंतर गॅलरीत शतपावली घालत, चपलांचा एकसुरी आवाज आमच्या अभ्यासाला साथ करी, आणि आम्हांला वाटे, बाबांइतका निरोगी माणूस नाही.

वाचता वाचता चरबीचा राग येऊ लागतो. तसा तो आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. कुणी माज दाखवला की ‘चरबी चढली’ असे आपण म्हणतोच. म्हणून 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जन्मतः चरबीच नसलेले उंदीर होते. ते खरे तर आरोग्याचे पुतळे असायला हवेत, पण त्यांना तीव्र मधुमेह होता आणि त्यांच्या यकृतात मेद साठलेला होता. त्यांच्या कातडीखाली निरोगी उंदराच्या चरबीचे रोपण केले, तेव्हा त्यांची साखर खाली आली. काही माणसांतही चरबी जन्मतः जवळजवळ नसते आणि त्यांची अवस्था अशीच होते. याच्या उलट, अमेरिकेत काही लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरच्या कातडीखालची सुमारे 10 किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली आणि 2004 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. इन्सुलिनच्या प्रभावात काही फरक नव्हता, दाहाच्या खुणांतही नव्हता. घरातले जास्तीचे धान्य पेवात असेल तर ते पेव बुजवून काय साधणार? प्रश्न पेवाबाहेर सांडलेल्या धान्याचा असतो. मांड्या, नितंब, कातडीखालचा थर या शरीराने साठवणीसाठी राखलेल्या जागा आहेत आणि तिथली चरबी बऱ्यापैकी शांत असते. त्या जागा भरल्या की तेल पोटाच्या आत, यकृतात, स्नायूत, स्वादुपिंडात उतरते. आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा एक पडदा असतो, त्याला जुने शल्यविशारद पोटातला पोलीस म्हणत, कारण पोटात कुठे पू झाला की तो जाऊन त्या जागेला वेढून बसतो. म्हणजे चरबी आणि प्रतिकारशक्ती यांचा शेजार जुनाच आहे आणि उपयोगाचाही आहे. पण तिथले रक्त थेट यकृतात जाते, आणि हा पोलीस चोर नसतानाही शिट्ट्या वाजवू लागला की पहिली झोप यकृताची मोडते.

मग काहींच्या या राखीव जागा इतक्या लवकर का भरतात, हा प्रश्न उरतो, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर सापडला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधी या बायकांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होते. शेतात राबायच्या, पाणी वाहायच्या. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची गोरी बाळे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवर खवाट्याखालची कातडी चिमटीत धरून मोजली, तर तिथली चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. गर्भातल्या तुटपुंज्या शिध्यात शरीराने सगळ्यांच्या वाट्याला कात्री लावली आणि चरबीचा वाटा तेवढा वाचवला. याज्ञिकांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा वजन-निर्देशांक सारखाच, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. स्वतःचेच पोट पुरावा म्हणून जगापुढे मांडायचे, हा पुणेरी रोखठोकपणा मला आवडला.

तो फोटो पाहिला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. बाबांचा जन्म दुष्काळी भागातला. आजी म्हणायची, हा मुठीत मावेल एवढा होता, बाळसे धरायला वर्ष लागले. तेल-हळद चोळून, शेगडीवर शेकून तिने त्याला जगवले होते. तिच्यासाठी बाळाच्या मनगटावर पडलेली पहिली वळी म्हणजे देवाने दिलेला होकार होता, आणि त्या काळात ती चुकीची नव्हती. चरबी हा तेव्हा विमा होता. हप्ते भरून झाले, दुष्काळ काही आला नाही, आणि विम्याची रक्कम नको त्या खात्यात जमा होत राहिली.

हे सगळे इतके सरळही नाही, हे मला सांगितले पाहिजे. दाह हाच मुळाशी असेल तर दाह विझवणाऱ्या औषधाने मधुमेह जायला हवा. 1901 साली मँचेस्टरच्या एका डॉक्टरांनी सोडियम सॅलिसिलेटने, म्हणजे ॲस्पिरिनच्या भावंडाने, मधुमेहींच्या लघवीतली साखर उतरते असे नोंदवले होते, आणि आपल्या काळात त्याच कुळातल्या औषधाने साखर थोडी उतरतेही. पण थोडीच. तो बोस्टनचा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर माणसांत प्रतिपिंडांनी अडवला, तेव्हा उंदरांत दिसलेली किमया काही झाली नाही. इंटरल्यूकिन-1 हे दाहाचे आणखी एक द्रव्य अडवणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, हे 2017 च्या मोठ्या चाचणीत दिसले. नव्या मधुमेहींची संख्या मात्र कमी झाली नाही. अनुवंश आहे, स्नायूंची झीज आहे, झोप आहे. फुफाटा हे एक कारण आहे आणि कधी कधी तो केवळ परिणामही असतो. मला हे अर्धवटपण उलट दिलासा देणारे वाटते. बाबांच्या आजाराला कुणा एका चमच्यावर ढकलता येत नाही.

तरीही तो चमचा आईच्या हातात होता. लग्नाच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर ती अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा मी तिला हे जमेल तसे सांगितले. बारीक माणसाच्या पोटातही चरबी असते, ती आतून धुमसते, बाबांचा त्यात काही दोष नव्हता आणि तुझाही नव्हता. तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “म्हणजे लागत होतं म्हण की,” ती म्हणाली. मला वाटले ती रडेल. तिच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक वर्षांचा एक आरोप मागे घेतला गेल्यासारखे काहीतरी उमटले, आणि मग लगेचच, दुसरा विचार आल्यासारखे, ते पुसले गेले. “मग मी कमी घालायला हवं होतं का रे?” याला उत्तर काय द्यायचे ते मला सुचले नाही. मी तांदळाचे ताट माझ्याकडे ओढले आणि दोघे मिळून खडे काढत बसलो.

पँट मी त्याच संध्याकाळी आणली होती. मास्तरांना बाबांची वही आहे का विचारले, तर ती पुरात गेली होती. पण त्यांना आठवत होते. त्यांच्या वडिलांनी बाबांची एक राखाडी पँट दोनदा उसवून कमरेला सैल केली होती आणि दोन्ही वेळा मांडीला आत घेतली होती. “आमचे वडील म्हणायचे, ह्या माणसाचं माप मला कळत नाही,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी माझी नवी पँट उलटी करून मागची शिवण बोटांनी उघडून दाखवली. आत दुमडलेले कापड होते, इस्त्रीने चपटे बसवलेले. “कमरेला दोन इंच माया ठेवलीय,” ते म्हणाले. “मांडीला नाही ठेवली.”